जुनी रेंजर भंगारात घालू नका

दिवाळीच्या तोंडावर घरे साफ होऊ लागली की सोलापुरातल्या माझ्या दुकानासमोरून भंगारवाल्यांच्या हातगाड्या रोज जातात. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या गाडीवर जुनी माउंटन सायकल आडवी पडलेली दिसते. जाड नळ्यांचा सांगाडा, गुटखुळ्यांचे रुंद टायर, सरळ हँडल, रंग उडालेला, चेन गंजून लाल झालेली. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे या जातीच्या सायकलीला लोक सरसकट ‘रेंजर’च म्हणतात. १९९० च्या दशकात मुलगा दहावी पास झाला म्हणून बापाने पोटाला चिमटा घेऊन ती घेतलेली असते. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, दारात मोटारसायकल आली आणि रेंजर जिन्याखाली गेली. आता घराला रंग द्यायचा म्हणून ती किलोच्या भावाने बाहेर पडते.

ही सायकल भंगारात जाणे हे आपल्या कारागिरांचे नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दीड-दोन दिवसांची मेहनत घेतली तर हीच सायकल कामावर रोज जाण्यायेण्यासाठी उत्तम होते आणि त्या मेहनतीची मजुरी आपल्या हातात पडते. वाचकांपैकी सायकलवाले थोडेच असतील, हे मी जाणून आहे. परंतु या कामात वेल्डर आहे, रंगारी आहे, सीटचे कव्हर शिवणारा आहे, सुटे भाग विकणारा आहे आणि जुना माल घेणारा व्यापारीही आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामकऱ्यांत स्वतःचा लहानसहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे नोंदवले होते. त्यासाठी अहवाल वाचायची गरज नाही. कोणत्याही शहरात दुरुस्तीच्या दुकानांच्या ओळीतून एक फेरी मारली तरी ते दिसते. म्हणून ज्या मालात नुसत्या हाताच्या कसबावर कमाई आहे, तो माल आपण ओळखला पाहिजे.

या सायकलीचा जन्मही अशाच दुरुस्तीच्या कामातून झाला, हे थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन काउंटी नावाच्या भागात १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या काळातील जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली येण्याचा खेळ खेळत. श्विन कंपनीच्या या सायकली त्यांना जुन्या मालात मिळत. १९७६ पासून फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. त्या उताराला नाव पडले ‘रीपॅक’. मागच्या चाकात पायाने उलटा जोर देऊन लावायचा ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की हबमधले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि पुन्हा नवे ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे, म्हणून रीपॅक. आपल्यापैकी ज्यांनी हब उघडून जळके ग्रीस पुसले आहे त्यांना याची गंमत कळेल. पुढे जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम सांगाडा बनवला, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी १९७९ मध्ये विक्री सुरू केली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारी माउंटन सायकल बाजारात आणली. आपल्याकडची रेंजर ही त्याच घराण्याची, पण आपल्या रस्त्यांना आणि आपल्या खिशाला बेताची केलेली नात. जुन्या मालाला नवे काम देऊन जी वस्तू जन्मली, ती जुनी झाली म्हणून वितळायला पाठवायची, हे मला पटत नाही.

कामावर जाण्यासाठी हीच सायकल का? काळी उभी सायकल चांगली नाही काय? चांगलीच आहे. तिला नावे ठेवणारा मी नव्हे. परंतु आपल्या रस्त्यांचे खड्डे आणि जागोजागचे गतिरोधक पाहता रेंजरचा सांगाडा फार सोसतो. तिचा चिमटा रुंद असतो, त्यामुळे बारीक टायर बसवल्यावर मडगार्डला भरपूर जागा उरते. वरचा नळा बहुधा उतरता असल्याने उंचीने कमी माणसालाही पाय टेकता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती लोखंडी पोलादी आहे. लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर गल्लीतला चांगला वेल्डरही मडगार्डची कडी किंवा कॅरिअरचा कान जोडून देऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला मात्र असले डाग देऊ नयेत. तापल्यावर त्या धातूचा कस जातो आणि डाग दिलेल्या जागेशेजारीच पुढे तडा जातो.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा एक कामगार माझ्याकडे अशीच एक रेंजर घेऊन आला. सायकल त्याच्या थोरल्या भावाची. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. पाळी सुटते त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर भाड्यात पगार जातो. त्याचे म्हणणे एवढेच की, “चाचा, चालवताना दम लागतो, पाठ दुखते आणि पावसात पॅन्ट चिखलाने भरते. एवढे तीन करून द्या.” त्याच्या तीन तक्रारींत या कामाचा सारा नकाशा आला.

दम लागण्याचे मुख्य कारण टायर. गुटखुळ्यांचा टायर मातीत पकड धरण्यासाठी असतो. डांबरी रस्त्यावर तो गुरगुरतो आणि माणसाची ताकद खातो. त्याच्या जागी गुळगुळीत, दीड किंवा पावणेदोन इंची टायर घालावा आणि टायरच्या बाजूवर लिहिली असेल तेवढी, बहुधा पन्नास-साठ पौंडांच्या घरातली, हवा भरावी. गिऱ्हाइकाला पहिल्या फेरीतच फरक कळतो.

मात्र इथेच आपल्या धंद्यात मोठा घोटाळा होतो, तो मापाचा. दुकानात जाऊन नुसते ‘सव्वीस दीड’ मागितले की दुकानदार काय देईल याचा नेम नाही. २६ × १.५ असे दशांशात लिहिलेला टायर वेगळा आणि २६ × १ १/२ असे अपूर्णांकात लिहिलेला वेगळा. गणिताच्या वहीत दोन्ही दीडच, पण रिमवर नाही. पहिल्याचे रिमवर बसण्याचे माप ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचे ५८४. आणि २६ × १ ३/८ चे तर ५९०. काळ्या उभ्या सायकलीच्या २८ × १ १/२ चे ६३५. रेंजरला लागतो तो ५५९ चाच. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ४७-५५९ किंवा ४०-५५९ असा आकडा असतो. त्यातला पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. इंच विसरा, हा दुसरा आकडा वाचा. मी माझ्या पोऱ्यांना पहिल्या दिवशी पंक्चर शिकवत नाही, हा आकडा वाचायला शिकवतो. चुकीचा टायर आणून परत करायला जाण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि दुकानदाराने परत घेतला नाही तर त्या कामातला सारा नफा त्या एका टायरात जातो.

गिअरचा प्रश्न गावागणिक वेगळा. सोलापूर सपाट आहे. इथे पुढे ४४ दात आणि मागे १८ दातांचे साधे फ्रीव्हील असले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते आणि ते रोजच्या कामाला पुरते. अठरा गिअरची सायकल आली आणि गिअरची यंत्रणा झिजलेली असली तर मी ती काढून एकच फ्रीव्हील बसवतो. बिघडायला काही उरत नाही. पण हाच सल्ला मी पुण्यात कात्रजच्या बाजूला राहणाऱ्याला किंवा कोकणातल्या चढउतारांच्या गावातील माणसाला देणार नाही. तिथे गिअर राहू द्यावेत, फार तर पुढच्या तीन चकत्यांपैकी मधली एकच ठेवावी. एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. मागच्या चाकाची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर तसे करता येत नाही, आणि चेन ताणून धरणारा वेगळा पुर्जा बसवावा लागतो. हे न पाहता गिअर काढून टाकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. दोन दिवसांनी चेन उतरते आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

चिखलाचे काम सोपे. पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनकव्हर, मागे कॅरिअर, भक्कम स्टँड, पुढे दिवा आणि मागे लाल दिवा. पूर्वी दिव्याशिवाय रात्री पोलीस अडवत आणि बिल्ला नसला तर नगरपालिकेचा माणूस अडवी. आता कोणी अडवत नाही, ट्रक मात्र मागून येतो. रात्रपाळीच्या माणसाला दिव्याशिवाय सायकल देऊच नये, त्याने नको म्हटले तरी.

आता ब्रेक. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर माणूस जिवाला मुकतो. जुन्या रेंजरची रिम बहुधा चकचकीत मुलाम्याची लोखंडी असते. कोरड्या दिवसांत ती ठीक चालते. पाऊस पडला की ओल्या लोखंडी रिमवर रबर धरतच नाही, सायकल कितीतरी पुढे जाऊन थांबते. म्हणून निदान पुढच्या चाकाला तरी ॲल्युमिनियमची रिम घालावी. छत्तीस स्पोक नव्याने बांधून आऊट काढण्याचे काम आहे, आणि ज्याला ते येते त्यानेच खरा सायकल मिस्त्री म्हणवून घ्यावे. दुसरे असे की बऱ्याच जुन्या माउंटन सायकलींना दोन बाजूंना दोन हात आणि मध्ये आडवी तार असा ब्रेक असतो. १९९६ नंतर शिमानो कंपनीने आणलेला, उभ्या हातांचा ब्रेक आता सगळीकडे मिळतो. ब्रेक नवा घातला तर मुठीजवळचा दांडाही नवाच घालावा. नव्या ब्रेकला जास्त तार ओढावी लागते. जुन्या दांड्याची ओढ तेवढी नसते, मग कधी रबर रिमला घासत राहते, कधी दांडा हँडलला टेकतो. आणि जुनाच ब्रेक ठेवणार असाल तर पुढे मडगार्ड किंवा एखादी लोखंडी पट्टी त्या आडव्या तारेखाली असलीच पाहिजे. वरची मुख्य तार तुटली की आडवी तार खाली पडून टायरमध्ये अडकते, चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मडगार्ड असले की तार त्यावर अडकून राहते. चिखल अडवणारा पत्रा असा जीवही वाचवतो.

राहिली पाठदुखी. तिच्याविषयी लिहिण्याआधी मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक शिंपीकाम करणारे गृहस्थ अशीच सायकल घेऊन आले होते. दिवसभर मशीनवर वाकून त्यांची मान धरलेली. हँडल उंच करून द्या, म्हणाले. मी दांडी वर काढली. त्यांनी बसून पाहिले, अजून थोडे म्हणाले. आणखी वर काढली. हँडलच्या दांडीवर कारखान्याने एक खूण कोरलेली असते. ती खूण चिमट्याच्या नळीत आत राहिली पाहिजे, बाहेर दिसता कामा नये. त्या दिवशी ती बाहेर आली. मी ती पाहिली. गिऱ्हाईक खूश आहे, कशाला मोडता घाला, असा विचार केला, नट आवळला आणि पैसे घेतले. दांडी इतकी वर आली की तिच्या आतला पाचर नळीच्या आट्यांच्या जागी येतो. आटे पाडल्यामुळे तिथे नळी पातळ असते, आणि पाचरीचा ताण तिथेच पडतो. चार महिन्यांनी एका गतिरोधकावर ती नळी तडकली आणि हँडल त्यांच्या हातात आले. उजवे मनगट मोडले. दीड महिना त्यांनी कात्री धरली नाही. ऐन लग्नसराईचे दिवस होते. प्लास्टरचा खर्च मी दिला, पण हंगाम बुडाला तो मी भरून देऊ शकलो नाही. त्यांनी तो मागितलाही नाही. ते आजही माझ्याकडेच सायकल आणतात. सायकल दारात लागली की माझी नजर आधी त्या खुणेवर जाते.

हँडल उंच करण्याचा योग्य मार्ग दोन प्रकारचा आहे. एक तर लांब दांडी मिळते, ती मापाने घ्यावी. किंवा सरळ हँडल काढून वर उचललेले, मागे वळलेले हँडल घालावे. त्याची मधली जाडी दांडीच्या पकडीशी जुळते की नाही हे कॅलिपरने मोजावे, पत्र्याचा तुकडा घालून जुळवू नये. हँडल बदलले की जुन्या तारा अपुऱ्या पडतात, त्या नव्या आणि लांब घालाव्यात. हे सारे केले तर मान आणि पाठ दोन्ही सरळ राहतात. त्या रात्रपाळीच्या मुलाला मी असेच हँडल बसवले. खर्च थोडा वाढला. तो म्हणाला, जुनेच वर ओढा ना. मी नाही म्हणालो.

सांगाडा घेताना दोरा लावून पाहण्याची रीत आपल्या उस्तादांनी शिकवली आहे, ती सोडू नये. मागच्या खाचेपासून दोरा निघतो, हँडलच्या नळ्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेत येतो. मधल्या उभ्या नळ्यापासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजले की सांगाडा वाकला आहे की सरळ, ते एका मिनिटात कळते. हँडलच्या नळ्याखाली आणि पायडलच्या जोडापाशी रंगाला भेग दिसली तर रंग खरवडून पाहावे. सीटची नळी आत गंजून बसली असेल तर ती निघण्याआधी भाव सांगू नये. त्या एका नळीने माझी अख्खी दुपार खाल्ल्याची उदाहरणे आहेत.

आता मजुरीकडे येतो. सायकल मिस्त्री गरीब राहतो याचे कारण गिऱ्हाईक नाही हे नाही. आपल्याला भाव सांगता येत नाही, हे कारण आहे. “काय द्यायचे ते द्या” हे वाक्य आपल्या तोंडात बसले आहे. गवंडी दिवसाची मजुरी सांगताना लाजत नाही, प्लंबर नळ पाहायला आल्याचेही पैसे घेतो. आपण मात्र सुट्या भागांवर दोन पैसे वाढवून त्यात आपली मेहनत लपवतो. मग गिऱ्हाईक तोच भाग बाजारातून स्वतः आणतो, आणि आपली मजुरी तिथेच बुडते. मी काही वर्षांपासून कागदावर अंदाजपत्रक लिहून देतो. भागांची किंमत दुकानाच्या पावतीप्रमाणे, त्यात एक रुपया वाढवत नाही. खाली मजुरी वेगळी. ओव्हरऑइलिंगला अर्धा दिवस, दोन चाके बांधायला तीन-चार तास, ब्रेक, हँडल, तारा यांना दोन-तीन तास, मडगार्ड, कॅरिअर, दिवे यांना दोन तास. गावात कुशल कारागिराची दिवसाची जी मजुरी असेल त्या हिशेबाने रक्कम येते. सुरुवातीला काही लोक कागद पाहून निघून गेले. जे थांबले ते इतरांना घेऊन आले.

कोणी म्हणेल, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, नवी सायकल स्वस्त झाली, जुनी कोण करून घेईल? कर सुट्या भागांवरचाही तेवढाच उतरला आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. तरीही प्रश्न खोटा नाही. माझा नियम असा आहे की रोजच्या वापराच्या साध्या नव्या सायकलीच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल तर मी ते काम घेत नाही, गिऱ्हाइकाला तसे सांगतो. सांगाड्याला तडा असेल तर फुकट दिली तरी घेत नाही. रंग देऊन तडा झाकणारे धंद्यात आहेत. मालातला ऐब दाखवून मग विकावे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

जुन्या रेंजरी विकत घेऊन, नीट करून विकण्याचा धंदाही होऊ शकतो. त्यात धोका चोरीच्या मालाचा आहे. पायडलच्या जोडाखाली सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो. तो घासलेला दिसला की सायकल परत करावी. नंबर, विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही आणि ओळखपत्राची प्रत एका वहीत ठेवावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ही वही नसलेल्या दुकानदाराची बाजू पोलीस चौकीत फार लंगडी पडते, आणि आपल्या वस्तीतल्या दुकानदाराची जरा अधिकच, हे लिहून ठेवायला मला संकोच वाटत नाही.

हल्ली जुन्या सायकलीला बॅटरी आणि मोटारीचा संच लावून देण्याची मागणी येते. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा वाहनाला, वजन आणि ब्रेक यांच्या अटी पाळल्या तर, मोटार वाहन म्हणून नोंदणी लागत नाही. पण लोखंडी रिमच्या, जुन्या ब्रेकच्या सायकलीला मोटार लावू नये. मोटारीचा एक्सल खाचेत फिरू नये म्हणून दात्याचा वायसर घालावा लागतो, तो न घातल्याने खाच उघडलेली मी पाहिली आहे. आधी सायकल थांबायला शिकवा, मग पळायला.

सरकारकडून या कामाला काही आधार मिळावा, अशी अपेक्षा गैर नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, शिंपी, चांभार, न्हावी आहेत. सायकल मिस्त्री नाही. हाताने आणि साध्या अवजारांनी काम करणारा, उस्तादाकडून शिकलेला, रस्त्याकडेला बसणारा हा कारागीर त्या यादीत का बसला नाही, ते यादी करणाऱ्यांनी सांगावे. पण ती यादी मागायची तर मागणाराही हवा. सोलापुरात आम्हा सायकलवाल्यांची धड एक बैठक होत नाही. भाव ठरवायला नाही, तर अर्ज लिहायला कुठून होणार? माझा थोरला मुलगा हे काम शिकला नाही, मोबाइल दुरुस्त करतो. धाकटा सुटीच्या दिवशी येऊन चाके बांधतो, त्याचा हात चांगला आहे. मजुरी कागदावर लिहून घेतो म्हटल्यापासून तो जरा जास्त वेळ थांबू लागला आहे.

रात्रपाळीचा तो मुलगा दर दोन महिन्यांनी येतो. मागचा टायर थोडा झिजला आहे, पुढचा अजून तसाच आहे. मागल्या खेपेला तो आपल्या खात्यातल्या दोघांना घेऊन आला. एकाची रेंजर घरात जिन्याखाली होती. दुसऱ्याने आपली गेल्या दिवाळीत विकली होती.